सेट-टॉप बॉक्समधलं रेकॉर्डिंग जपून ठेवायचंय? आधी कुलूप कुठे आहे ते बघा

गावच्या नमन मंडळाचा कार्यक्रम टीव्हीवर लागला, घरच्यांनी तो बॉक्सवर रेकॉर्ड केला. आता गणपतीला चाकरमानी आले की सगळ्यांना तो बघायचाय. तोवर बॉक्स टिकला पाहिजे, आणि कोकणात त्याची खात्री कोण देणार? खारी हवा आहे, मिरगाच्या तोंडावर कडाडणारी वीज आहे, आणि २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा कितीतरी घरांतलं सामान गेलं. प्रत काढायलाच हवी. मात्र दुकानात जाऊन हार्ड डिस्क घेण्याआधी एवढं तपासा.

१. रेकॉर्डिंग कशावर झालंय?

डीडी फ्री डिशवरची सह्याद्रीसारखी बरीच चॅनेल विनाकुलूप, म्हणजे सांकेतिक न करता, येतात. साध्या फ्री डिश बॉक्सला मागे किंवा पुढे यूएसबीचं भोक असतं. त्यात पेन ड्राइव्ह लावून केलेलं रेकॉर्डिंग बहुधा साध्या टीएस फाइलमध्ये (प्रसारणाचं चित्र-आवाज ठेवणारी व्हिडिओ फाइल) उतरतं. महिन्याचे पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचं तसं नाही. तिथे सिग्नलच सांकेतिक रूपात येतो आणि रेकॉर्डिंगही त्याच बॉक्सशी, त्यातल्या कनेक्शनच्या कार्डाशी बांधलेलं राहतं. काही टीव्ही स्वतःच रेकॉर्डिंग करतात, तेही बहुधा त्या एका टीव्हीपुरतंच.

एक सावधगिरी: रेकॉर्डिंगसाठी ड्राइव्ह लावला की बॉक्स किंवा टीव्ही ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतो. हो म्हटलंत की आतलं सगळं पुसलं. लग्नाचे फोटो असलेला ड्राइव्ह तिथे लावूच नका.

२. दुसऱ्या यंत्रावर चालवून बघा

ड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावा आणि फाइल व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा. चित्र आणि आवाज दोन्ही आले तर निम्मं काम झालं. फाइल दिसते पण उघडत नाही, किंवा लॅपटॉपला ड्राइव्हच ओळखता येत नाही, तर ते रेकॉर्डिंग बहुधा बांधलेलं आहे. अशी फाइल दहा ठिकाणी कॉपी केलीत तरी मूळ बॉक्स बिघडल्यावर तिचा काही उपयोग नाही. बरेच जण इथेच फसतात, कारण कॉपी मात्र बिनतक्रार होते.

३. उघडली तर

फॅट३२ पद्धतीच्या ड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणून लांब कार्यक्रमाचे तुकडे पडलेले असतात. सगळे तुकडे उचला, शेवटचा छोटासा राहून जातो. मूळ टीएस तशीच ठेवा. फोनवर बघण्यासाठी हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरने वेगळी एमपी४ प्रत बनवा आणि त्यात ‘डीइंटरलेस’ चालू करा. नाहीतर नाचणाऱ्यांच्या हातापायांच्या कडांना आडव्या रेघांचे दाते दिसतात.

४. नाही उघडली तर

पहिला विचार येतो एचडीएमआयमधून चित्र पकडायचा. कॅप्चर कार्ड (बाहेरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण) आणता, जोडता, आणि पडदा काळा. बिघाड शोधत बसू नका. एचडीएमआयच्या वाटेवर एचडीसीपी नावाचं संरक्षण असतं आणि समोरचं यंत्र मान्यतेचं नसेल तर ते चित्र देत नाही. ते चुकवणारे स्प्लिटर ऑनलाइन मिळतात, पण त्या वाटेला मी पाठवणार नाही. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. याच कायद्याचं कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग करायला मोकळीक देतं. घरी बसून बघणं त्यात येतं. यूट्यूबवर चढवणं येत नाही, आणि दोनशे जणांच्या वाडीच्या ग्रुपवर टाकणं खासगी म्हणता येईल असं मला वाटत नाही.

बॉक्सला पिवळी-लाल-पांढरी एव्ही पिन असेल तर ती बघा. तिच्यातून साधं जुन्या टीव्हीच्या दर्जाचं चित्र बाहेर येतं. यूएसबीचं एव्ही कॅप्चर उपकरण लॅपटॉपला जोडा, ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालू करा आणि कार्यक्रम पूर्ण वाजू द्या. तासाच्या कार्यक्रमाला तासच लागतो, घाई चालत नाही. चित्र सतत उजळ-मंद होत राहिलं तर त्या वाटेवरही संरक्षण आहे. तिथे थांबा आणि चॅनेलच्या यूट्यूबवर तो भाग आलाय का ते शोधा. सह्याद्रीचे बरेच कार्यक्रम तिथे सापडतात.

५. ठेवायचं कुठे

माळ्यावर नको. हार्ड डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळा संपला की एकदा चालवून बघा. दुसरी डिस्क गावाबाहेर, भावाकडे मुंबईला वगैरे, असू द्या.

घरात जुन्या व्हीएचएस कॅसेट असतील तर त्यांना प्राधान्य द्या. दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते आणि अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटही बिघडवते. घरी केलेल्या कॅसेटवर सहसा कुठलंच कुलूप नसतं, तेव्हा वरचंच एव्ही उपकरण तिथे चालतं.

आणि डीटीएच कंपनी बदलणार असाल तर जुनं कनेक्शन बंद व्हायच्या आधी हे सगळं उरका. कार्ड बंद पडलं की बॉक्समधली जुनी रेकॉर्डिंगही बऱ्याचदा उघडत नाहीत.