दुर्मीळ बेस गिटारची विम्यासाठी किंमत कशी ठरवावी

माझ्या एका मित्राची बेस गिटार काही वर्षांपूर्वी कार्यक्रमाच्या आधी विंगेत स्टँडवरून पडली आणि तिचा हेडस्टॉक, म्हणजे तारा ताणण्याच्या खुंट्या असलेले टोक, तडकला. विमा होता, हप्तेही वेळेवर भरलेले होते. पण पॉलिसीला जोडलेल्या यादीत त्या वाद्याची नोंद ‘इलेक्ट्रिक गिटार, एक नग’ एवढीच होती. नुकसान मोजायला आलेल्या विमा सर्व्हेअरने दुकानात मिळणाऱ्या चार तारांच्या नव्या बेसची किंमत धरली, तिच्यातून घसारा वजा केला आणि जो आकडा लिहिला तो मित्राने त्या वाद्यासाठी मोजलेल्या रकमेच्या पाव हिश्श्याइतकाही नव्हता. सर्व्हेअरला दोष देता येत नाही, कारण त्याच्यापुढे दुसरा कागदच नव्हता. मर्यादित संख्येत निघालेल्या वाद्याची किंमत नुकसान होण्याआधी ठरवावी लागते, आणि ती ‘विकली तर किती येतील’ या हिशेबाने नव्हे, तर ‘गेली तर तशीच परत आणायला किती लागतील’ या हिशेबाने.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच वाद्य समोर ठेवतो : रिकनबॅकर कंपनीची ४००१ सीएस. ‘येस’ या ब्रिटिश बँडचे बेसवादक ख्रिस स्क्वायर यांनी १९६०च्या दशकात लंडनमध्ये घेतलेली रिकनबॅकर आयुष्यभर वाजवली. त्या वाद्यावरून कॅलिफोर्नियातील सँटा ॲना येथील या कंपनीने १९९१ ते २००० या काळात एक हजार नगांची मर्यादित आवृत्ती काढली. क्रीम रंग, कडेला पट्टी नसलेली बॉडी आणि फिंगरबोर्डवर (बोटांनी तारा दाबण्याच्या फळीवर) साधे ठिपके ही तिची वरवरची ओळख. एक हजार हा आकडा काही फार लहान नाही आणि ‘मर्यादित आवृत्ती’ हा शब्द मुळात विक्रेत्यांचा आहे, हे लक्षात ठेवावे. विम्याच्या दृष्टीने प्रश्न एवढाच असतो, की आज तशाच अवस्थेतली दुसरी हवी असेल तर ती कोठे, किती दिवसांत आणि केवढ्याला मिळेल.

पहिले काम ओळख पटवण्याचे आहे. रिकनबॅकरचा अनुक्रमांक बॉडीच्या कडेला, जिथे केबल लागते त्या जॅकच्या धातूच्या पट्टीवर कोरलेला असतो. १९८७ ते १९९६ या काळातील अनुक्रमांकात अक्षरावरून महिना आणि त्याच्यासोबतच्या आकड्यावरून वर्ष कळते. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, आणि शून्य म्हणजे १९८७, एक म्हणजे १९८८, असा तो क्रम आहे. म्हणजे ‘डी ५’ असे असेल तर वाद्य एप्रिल १९९२चे. मात्र ही पट्टी दोन-चार स्क्रूंवर बसलेली असते आणि ती एका वाद्यावरून काढून दुसऱ्यावर लावता येते, त्यामुळे केवळ अनुक्रमांकाच्या फोटोवर विसंबणारे मूल्यांकन मी पुरेसे मानत नाही.

दुसरा पुरावा वाद्याच्या पोटात असतो. रिकनबॅकरच्या बेसवर आवाजाची बटणे पिकगार्डवरच, म्हणजे बॉडीवरच्या संरक्षक पत्र्यावरच, बसवलेली असतात. तारा सैल करून, पिकगार्डचे स्क्रू काढून तो हळूच उचलला की खालच्या बाजूला पॉट, म्हणजे त्या बटणांनी फिरणारे विद्युत भाग, दिसतात, आणि पॉटच्या पाठीवर किंवा कडेला आकड्यांचा शिक्का असतो. समजा तो १३७९१४८ असा आहे. पहिले तीन आकडे पॉट बनवणाऱ्याचे आहेत. १३७ म्हणजे अमेरिकेतील सीटीएस कंपनी. पुढचे ९१ म्हणजे १९९१ हे वर्ष आणि शेवटचे ४८ म्हणजे त्या वर्षाचा अठ्ठेचाळिसावा आठवडा. नोव्हेंबर १९९१च्या अखेरीस बनलेला पॉट एप्रिल १९९२च्या वाद्यात असणे स्वाभाविक आहे. तोच शिक्का २००४चा निघाला, तर पॉट बदललेला आहे किंवा पट्टी दुसऱ्या वाद्याची आहे. याच वेळी सोल्डरचे जोड मूळचे चकचकीत आहेत की कोणी पुन्हा डाग दिले आहेत, हेही पाहून घ्यावे. हाताला सवय नसेल तर हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्या जाणकार कारागिराकडून करून घ्यावे आणि त्याने पिकगार्ड उचललेला असतानाच फोटो काढावेत, कारण हा फोटो नंतर कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त कामाला येतो.

फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढावेत : पुढून, मागून, हेडस्टॉकच्या दोन्ही बाजू, नेक (वाद्याची लांब मान) आणि बॉडी यांची रेषा, जॅकची पट्टी, पॉट, केस, सोबत आलेले प्रमाणपत्र आणि खरेदीची पावती. खरचटलेल्या जागांचे फोटो लपवू नयेत. लाकडाच्या रेषा आणि जुने ओरखडे हे वाद्याच्या बोटांचे ठसेच असतात. ‘बीटल्स’चे पॉल मॅकार्टनी यांची हॉफनर कंपनीची बेस १९७२ साली लंडनमध्ये चोरीला गेली होती आणि ती परत मिळाल्याचे २०२४ साली जाहीर झाले. एवढ्या काळानंतर ‘ही तीच’ असे सिद्ध करायचे तर बारीक खुणांच्या जुन्या नोंदीच उपयोगी पडतात. त्यांच्या वाद्याचे फोटो जगभर होते. तुमच्या वाद्याचे फक्त तुमच्याकडे असतील.

यानंतर अवस्था आणि अस्सलपणा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र केल्या की किंमत चुकते. तीस वर्षे वाजवलेली, फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजलेली, पण एकही भाग न बदललेली बेस ही नव्यासारख्या दिसणाऱ्या, पण पुन्हा रंगवलेल्या बेसपेक्षा सहसा महाग असते. जुन्या गिटारींच्या व्यापारात पुन्हा रंग दिल्याने किंमत साधारण निम्मी होते असा ठोकताळा आहे, आणि मर्यादित आवृत्तीत जिथे रंग हीच ओळख आहे, तिथे तो आणखी कठोरपणे लागू होतो. रिकनबॅकरच्या बाबतीत दोन जागा मुद्दाम तपासाव्यात. एक म्हणजे तारा अडकवण्याचा मागचा धातूचा भाग, जो ताणामुळे बॉडीपासून वर उचलला जातो. आणि दुसरी म्हणजे हेडस्टॉकवरच्या झाकणाखालचे दोन ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळया, जे माहिती नसलेल्या माणसाने पिळले असतील तर फिंगरबोर्ड सुटण्यापर्यंत वेळ येते. मुंबई-कोकणातल्या हवेत राहिलेल्या वाद्याच्या स्क्रूंवर आणि पिकअपच्या (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागांच्या) धातूवर गंज चढतो. तो लिहून ठेवावा, कारण विमा कंपन्या हळूहळू होणारी झीज, गंज आणि बुरशी यांची भरपाई सहसा देत नाहीत, आणि आधीचे काय व नंतरचे काय हा वाद मग टळतो.

आता किमतीकडे येऊ. इंटरनेटवर विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे त्याची इच्छा असते. तिला पुरावा म्हणता येत नाही. पाहायचे ते झालेले व्यवहार. रिव्हर्ब आणि ईबे या दोन्ही विक्रीच्या संकेतस्थळांवर विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती पाहता येतात. गेल्या वर्ष-दीड वर्षातले, त्याच मॉडेलचे आणि जवळपास त्याच अवस्थेचे किमान तीन व्यवहार निवडावेत, त्यांच्या पानांची तारखेसह प्रत काढून ठेवावी आणि प्रत्येकाशी आपल्या वाद्याचा फरक एका-दोन वाक्यांत लिहावा : मूळ केस आहे की नाही, प्रमाणपत्र आहे की नाही, पिकअप बदलले आहेत का. लिलावातला आकडा वापरत असाल तर त्यात खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेले शुल्क धरले आहे की नाही ते पाहावे. आणि प्रसिद्ध वादकाच्या स्वतःच्या वाद्याला मिळालेली किंमत तुलनेत आणूच नये. ‘पिंक फ्लॉइड’चे डेव्हिड गिल्मोर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार २०१९ साली जवळपास चाळीस लाख डॉलरना गेली, म्हणून त्याच नावाने निघालेल्या प्रतीची किंमत वाढवून मागता येत नाही.

भारतात राहणाऱ्या मालकाने इथेच थांबू नये, कारण परदेशातली किंमत ही निम्मीच गोष्ट आहे. समजा तीन व्यवहार ३,०००, ३,४०० आणि ३,९०० डॉलरचे मिळाले आणि अवस्थेनुसार तुमची बेस मधल्या व्यवहाराच्या सर्वांत जवळ आहे. डॉलर ८५ रुपये धरला तर २,८९,००० रुपये झाले. विमानाने, विम्यासह पाठवण्याचा खर्च समजा ३०,००० रुपये, एकूण ३,१९,०००. त्यावर सीमाशुल्क आणि कर मिळून समजा ३० टक्के, म्हणजे ९५,७०० रुपये. आल्यावर कारागिराकडून सेटअप (वाद्याची जुळवणी) करून घेण्याचे ५,००० रुपये. बेरीज ४,१९,७००. हीच बेस उद्या पुण्यात किंवा मुंबईत घाईने विकायला काढली तर कदाचित अडीच लाखही येणार नाहीत, कारण घेणारे मोजके आहेत. तरीही विम्याची रक्कम ४ लाख २० हजार हीच योग्य. वरचे टक्के आणि खर्च केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. प्रत्यक्ष दर कस्टम क्लिअरिंग एजंटकडून त्या महिन्याचे घ्यावेत आणि त्याचा ईमेल फाइलला लावावा.

रक्कम मुद्दाम कमी लावून हप्ता वाचवण्याचा मोह होतो. तो का महागात पडतो ते पाहा. ज्या पॉलिसीत कमी विम्याची, म्हणजे सरासरीची अट असते, तिथे ४ लाखांच्या वाद्याचा विमा २ लाखांचा काढला असेल तर ४०,००० रुपयांच्या दुरुस्तीचे २०,०००च मिळतात. उलट, फुगवलेली रक्कम लावूनही लाभ होत नाही. मान्य मूल्याची, म्हणजे वस्तूची किंमत आधीच दोघांनी ठरवून घेतलेली, पॉलिसी नसेल तर कंपनी प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त देत नाही, आणि हप्ता मात्र फुकट जास्त जातो.

मूल्यांकन कोणाकडून घ्यावे, हा प्रश्न आपल्याकडे अवघड आहे, कारण दागिन्यांसाठी जसे नोंदणीकृत मूल्यांकनकार सहज मिळतात तसे गिटारसाठी मिळत नाहीत. मला व्यवहार्य वाटणारा मार्ग असा : वाद्य प्रत्यक्ष हाताळून त्याची अवस्था आणि अस्सलपणा लिहून देणारे पत्र स्थानिक कारागिराकडून किंवा जुन्या, नावाजलेल्या वाद्यविक्रेत्याकडून त्यांच्या लेटरहेडवर घ्यावे, आणि बाजारभावाचे पत्र जुन्या गिटारींचा व्यापार करणाऱ्या परदेशी पेढीकडून फोटोंच्या आधारे घ्यावे. अमेरिकेत नॅशव्हिल येथील ग्रुन गिटार्स ही पेढी असे लेखी मूल्यांकन करून देते. पत्रात निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक, वर्ष, बदललेले भाग, अवस्था, मूल्याचा प्रकार, रक्कम, चलन आणि तारीख असायलाच हवी. ‘मूल्याचा प्रकार’ हा शब्द बहुतेक जण गाळतात. तिथे ‘विम्यासाठी पुनर्खरेदी मूल्य’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. जो माणूस ती बेस स्वतः विकत घ्यायला उत्सुक आहे, त्याच्याकडून मूल्यांकन घेऊ नये.

कागद तयार झाले की पॉलिसीचा मजकूर वाचावा. १ एप्रिल २०२१पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत दागिने, चित्रे, कलावस्तू, पुरातन वस्तू आणि तशा प्रकारच्या मौल्यवान वस्तूंसाठी मान्य मूल्यावर आधारित ऐच्छिक संरक्षण आहे. त्यात एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एका वस्तूचे मूल्य १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकन प्रमाणपत्राची अट माफ असते. आपल्या उदाहरणातली बेस ही मर्यादा केव्हाच ओलांडते. तुमची कंपनी बेस गिटारला या गटात धरते की साध्या घरगुती सामानात, याचे उत्तर ईमेलवर घ्यावे, फोनवर नव्हे. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : या पॉलिसीच्या मूळ संरक्षणात चोरी धरली जाते ती आग, पूर यांसारख्या विमाकृत घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झालेलीच. कुलूप फोडून झालेल्या साध्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण जोडावे लागते. शिवाय बेस घराबाहेर जात असेल, तर सर्व जोखमींचे संरक्षण देणारी वेगळी पॉलिसी विचारावी आणि तिच्यात मोबदला घेऊन केलेले कार्यक्रम, गाडीत ठेवलेले वाद्य आणि विमानाच्या सामानकक्षातला प्रवास यांबद्दल काय म्हटले आहे ते शोधावे. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनीही घराच्या पॉलिसीत वाद्याची स्वतंत्र नोंद करून घ्यावी. तिथेही व्यावसायिक वापर हाच अडचणीचा मुद्दा असतो.

हेडस्टॉक तुटण्यासारख्या नुकसानीबद्दल वेगळा प्रश्न विचारावा. उत्तम कारागीर तो असा जोडतो की आवाजात फरक कळत नाही, पण बाजारात ती ‘हेडस्टॉक दुरुस्त केलेली’ बेस म्हणूनच ओळखली जाते आणि तिची किंमत बरीच उतरते. बहुतेक पॉलिसी फक्त दुरुस्तीचा खर्च देतात. दुरुस्तीनंतरची मूल्यघट भरून मिळेल का, हे आधी विचारले तर काही वेळा जादा हप्त्यावर ते मान्य होते. अपघातानंतर विचारून उपयोग नसतो.

मूल्यांकन दर दोन-तीन वर्षांनी नवे करावे. वाद्याची डॉलरमधली किंमत जागची हलली नाही तरी रुपयातली हलते : २०१५च्या सुमारास डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता, २०२५मध्ये तो ८५च्या वर गेला, म्हणजे २०१५चे पत्र २०२५मध्ये जवळपास पाव हिश्श्याने अपुरे पडले. नूतनीकरणाच्या वेळी एजंट जुनीच रक्कम पुढे ओढतो, तेव्हा नवा आकडा आपणच त्याच्या हाती द्यावा.

शेवटचा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारायचा आहे. चोरीचा पूर्ण दावा मंजूर झाला की वाद्यावरचा हक्क सामान्यतः विमा कंपनीकडे जातो, आणि ते पुढे पोलिसांना सापडले तर कंपनीचे होते. मिळालेली रक्कम परत करून ते स्वतःकडे घेण्याचा पहिला हक्क तुम्हाला राहील, असे एक वाक्य पॉलिसीत किंवा सोबतच्या पत्रात घालून घ्यावे, आणि त्या पत्राची प्रत वाद्याच्या केसमध्ये न ठेवता दुसरीकडे ठेवावी.