धावायला सुरुवात करताय? या चुका टाळा

नव्याने धावणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: "दोन मिनिटांत धाप लागते, आपल्याला हे जमणार नाही." खरं तर चुकलेला असतो तो वेग. धावताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतरच श्वास तुटत असेल तर वेग कमी करा, अगदी भराभर चालणारं कुणी पुढे निघून गेलं तरी चालेल. तरीही धाप लागली तर सरळ चाला. जोश क्लार्क यांनी १९९६ मध्ये आखलेल्या 'काउच टू फाइव्ह के' (सोफ्यावरून उठून ५ किलोमीटर धावण्यापर्यंत) या ९ आठवड्यांच्या कार्यक्रमात पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावणं आणि ९० सेकंद चालणं, असंच आलटून पालटून करायचं असतं, आणि तेही आठवड्यातून ३ दिवस.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती यानंतरच्या टप्प्याची. काही आठवड्यांत दम वाढतो, उत्साह येतो आणि माणूस रोज धावू लागतो, अंतरही एकदम वाढवतो. पण हृदय-फुप्फुसं लवकर सरावतात. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मागे राहतात. ताण पडला की हाड आधी थोडं झिजतं, मग नव्याने भरून येतं, आणि या कामाला महिने लागतात. रोज धावून आपण ते भरून येण्याआधीच पुन्हा झिजवतो. म्हणून दोन धावांमध्ये एक दिवस मोकळा ठेवा. अंतर आणि वेग एकाच वेळी वाढवू नका.

दुखणं ओळखायला शिका. दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकल्या तर घाबरू नका, ते आपोआप ओसरतं. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर दुखत असेल तर धावणं कमी करा, काही दिवस चालण्यावर भागवा. मात्र बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा लंगडावं लागत असेल, तर धावणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. वेदनाशामक गोळी घेऊन धावणं ही तर सगळ्यात घातक चूक. गोळीने धोक्याची सूचना दबते, इजा वाढतच राहते.

लांब ढांगा टाकू नका. पाऊल गुडघ्याच्या बरंच पुढे पडलं की प्रत्येक वेळी पायाला धक्का बसतो; पावलं लहान आणि जलद ठेवा. बूट घेताना अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. संध्याकाळी घेतले तर उत्तम, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर ते बदला. थंड स्नायू ताणून धरण्यापेक्षा आधी ५ मिनिटं भराभर चाला. पोटभर जेवल्यावर दोन-तीन तास धावू नका. बरगडीखाली कळ येते ती बऱ्याचदा त्यामुळेच. ती आली तर वेग कमी करून खोल श्वास घ्या.

हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या.