रिलेटिव्हिटी शिकवताय? मग या चुका टाळा

बीएस्सीला स्पेशल रिलेटिव्हिटी आली की आपण सगळे १८८७ च्या मायकेल्सन-मॉर्लेच्या प्रकाशाच्या वेगावरच्या प्रयोगापासून सुरू करतो, मग लॉरेन्ट्झच्या सूत्रांचं लांबलचक डेरिव्हेशन, टाइम डायलेशन (चालतं घड्याळ हळू), लेंथ कॉन्ट्रॅक्शन (चालती वस्तू आखूड), आणि सायमल्टेनिटी (दोन घटना एकाच क्षणी घडल्या का) उरल्या वेळात. मी पण नागपुरात कितीतरी बॅचेसला असंच शिकवलं. पेपर तपासताना दिसायचं की पोट्टे वाट्टेल तिथे गॅमाने (वेळ नि लांबी किती पटीने बदलते तो आकडा) गुणून राहिले नाहीतर भागून राहिले, आणि का असं विचारलं की गप्प. यात पोरांचा दोष नाही, आपला क्रमच उलटा आहे.

सायमल्टेनिटी पहिल्या दोन तासांतच घ्या, आणि आकडे सोपे ठेवा. माझं ठरलेलं उदाहरण अजनी स्टेशनचं: गाडी उभी असताना ३०० मीटर, वेग ०.६c (c म्हणजे प्रकाशाचा वेग), म्हणजे गॅमा १.२५, आणि प्लॅटफॉर्म समजा २४० मीटर. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला गाडी ३०० भागिले १.२५, म्हणजे २४० मीटरची, बरोब्बर मावलेली दिसते, इंजिन पुढच्या टोकाला असतं त्याच क्षणी शेवटचा डबा मागच्या टोकाला. आता गाडीत बसा. प्लॅटफॉर्मच १९२ मीटरचा झाला, मग गाडी मावली कशी? इथे वर्गात भांडण होऊ द्या, लगेच उत्तर सांगू नका. उरलेले १०८ मीटर ०.६c ने कापायला ०.६ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे गाडीवाल्यासाठी इंजिन आधी टोकाला पोचलं आणि शेवटचा डबा ०.६ मायक्रोसेकंदांनी नंतर आत आला. 'त्याच क्षणी' हा शब्दच दोघांचा वेगळा, हे पोरांनी स्वतः शोधून काढलं की पुढचं अर्धं काम झालं.

गॅमा कुठे लावायचा यात पोरं अडकली तर सूत्र लिहायच्या आधी एकच प्रश्न विचारायला लावा, दोन्ही घटनांच्या वेळी तिथे हजर असलेलं घड्याळ कोणतं? त्याचाच वेळ सगळ्यात कमी. म्युऑनवर (वातावरणात वर तयार होऊन जमिनीपर्यंत येणारा कण) करून बघा, आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद, प्रकाशाच्या वेगाने गेला तरी ६६० मीटर, आणि येतो मात्र १५ किलोमीटरवरून, कारण जन्म आणि शेवट दोन्हीला हजर घड्याळ त्याचं स्वतःचं, आपल्या घड्याळात तो जास्त जगतो.

वेगाबरोबर वस्तुमान वाढतं हे शिकवणं सोडाच, जुन्या प्रश्नपत्रिकांत असलं तरी. ऊर्जा आणि संवेग वापरा.

आणि स्पेसटाइम डायग्राम (जागा आणि वेळेचा आलेख) फळ्यावर काढून देऊ नका, ग्राफ पेपर द्या. ०.६c चे तिरपे अक्ष ज्याने स्वतः पेन्सिलने काढले त्याला वरची अजनीची गाडी परत समजवावी लागत नाही.