पाड्याच्या जबड्याखालची सूज

पावसाळा सरता सरता आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या गोठ्यातला पाडा वाळू लागला. खाणं ठीक, पण शेण पातळ, केस राठ आणि जबड्याखाली पाणी उतरलेलं. शेजारच्या काकांच्या मते दृष्ट! मी शेण तपासायला दिलं. गोलकृमींबरोबर यकृतातल्या चपट्या कृमींचीही अंडी निघाली. म्हणजे नुसतं फेनबेंडाझोल, म्हणजे गोलकृमींवरचं औषध, पुरणार नव्हतं. डॉक्टरांनी वजन बघून ऑक्सिक्लोझानाइडही पाजलं. ते फक्त वाढ झालेल्या चपट्या कृमींवर चालतं, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा. हे कृमी साचलेल्या पाण्यातल्या गोगलगायींत वाढतात, त्यामुळे भातशेतीच्या कडेचं चरणं बंद केलं. गोलकृमींच्या अळ्या ओल्या गवतावर चढतात, तेव्हा दंव सुकल्यावरच सोडतो. सूज उतरली; मांस मात्र सावकाश धरतोय. गाभण गाईला अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, सुरुवातीच्या दिवसांत ते गर्भाला बाधतं.