नवा पॉवर अँप लावल्यावर आवाज टोचतोय? विकायच्या आधी हे बघा

प्री (व्हॉल्यूमचा नॉब असलेला प्रीअँप) तोच, स्पीकर तेच, फक्त पॉवर अँप (स्पीकर चालवणारा) बदलला आणि तारसप्तक कानात घुसायला लागलं, की आपल्या इंदूरचे जाणकार लगेच सांगतात, अँपच ब्राइट आहे, काढून टाक. थांबा हो. बहुतेक वेळा भानगड गेनची, म्हणजे अँप सिग्नल किती पट वाढवतो त्याची असते, नाहीतर खोलीची.

डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवणारा डबा) साधारण २ व्होल्ट देतो. १०० वॉटचा अँप ८ ओहमवर पूर्ण जोरात २८ व्होल्टच्या आसपास काढतो, त्याचा गेन २९ डीबी म्हणजे जवळपास २८ पट असेल तर १ व्होल्टमध्येच त्याचं काम संपतं, आणि त्यावर प्री स्वतःचा गेन घालतो ते वेगळंच. मग नॉब सदा आठ-नऊ वाजता, म्हणजे जवळपास बंदच, तिथे स्वस्त पॉटचे (नॉबमागच्या व्हॉल्यूम कंट्रोलचे) दोन चॅनल सारखे चालत नाहीत, जरा बोट लागलं की आवाज अंगावर येतो, शिवाय मागे सूंऽऽ चालूच. अँपवर गेन कमी करायची सोय असेल तर करा, नसेल तर मध्ये १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा), चॅनलला दोन रेझिस्टर, सोल्डरिंग येणारा कोणीही करून देईल.

उलट केस छोट्या अँपची. अमीर खाँ साहेबांचा विलंबित ऐकताना सरासरी अर्धा-एक वॉटच लागतो, पण तबल्याची थाप सरासरीपेक्षा २० डीबी वर गेली तर तेवढ्यापुरते १०० पट वॉट लागतात. ८६-८७ डीबी सेन्सिटिव्हिटीचे (एका वॉटला तेवढाच आवाज देणारे) स्पीकर आणि २० वॉटचा अँप असेल तर थापेचं टोक कापलं जातं, त्यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि कान त्याला कर्कश म्हणतो.

मोजायचं कसं? जास्तीत जास्त जितक्या जोरात ऐकता तिथे नॉब ठेवा, अँप बंद करून स्पीकरच्या वायरी काढा (व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा अँप असेल तर हे अजिबात करू नका, लोडशिवाय ट्रान्सफॉर्मर उडतो), मग अँप चालू करून -१२ डीबीची (कमाल पातळीच्या पाव व्होल्टची) १२० हर्ट्झची टोन लावा, टर्मिनलवर मल्टीमीटरने एसी व्होल्ट बघा. ४ आले तर चौपट १६, १६ चा वर्ग भागिले ८, म्हणजे ३२ वॉट लागतात. स्पीकर ४ ओहमचे असतील तर त्याच व्होल्टला ६४, आणि अँप ४ ओहमला चालतो का ते मागच्या प्लेटवर वाचा.

व्हॉल्व्ह प्रीवाल्यांनी अँपचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) जरूर बघावा, प्रीच्या आउटपुटच्या निदान दहापट हवा. प्रीच्या शेवटी ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे १० किलोओहमचा क्लास डी (स्विचिंगवर चालणारा) अँप असेल तर ३४ हर्ट्झलाच ३ डीबी गेलेले असतात, आणखी खाली तर विचारूच नका. बेस पातळ झाला की वरचं आपोआप तिखट लागतं. ४७ किलोओहमला तोच आकडा ७ हर्ट्झवर येतो.

खोली मात्र फुकटात तपासता येते. खाली टाइल्स, समोर काच, भिंती कोऱ्या, टाळी वाजवा, झणझण आली तर सतरंजी टाका, पडदा ओढा, स्पीकर कानाकडे रोखलेले असतील तर थोडे बाहेर वळवा.

एवढं करूनही टोचलंच तर दुसरा अँप घरी आणून लावा, पण मीटरने दोघांचं व्होल्टेज सारखं करून मगच ऐका, कारण अर्धा-एक डीबी जोरात वाजणारा नेहमी जास्त चांगला वाटतो.