रोम-भारत व्यापारावर लिहिताय? या चुका टाळा

तेर, पैठण, कल्याण, सोपारा, चौल, कोल्हापूर. यांतल्या कुठल्याही गावाच्या इतिहासावर लेख आला की 'रोमशी थेट व्यापार होता' हे वाक्य हमखास येतं. वाक्य अगदीच खोटं नसतं, पण त्याला जो पुरावा जोडलेला असतो तो बऱ्याचदा ते पेलत नाही. शाळेचा प्रकल्प असो, गावाची स्मरणिका असो की संग्रहालयातली माहितीपाटी, चुका त्याच त्याच होतात. बहुतेकांचं मूळही एकच: वस्तू जिथली, तिथलाच माणूस ती घेऊन आला असं गृहीत धरणं.

कल्याण आणि पेरिप्लस

'कल्याण बंदरात रोमन जहाजांची वर्दळ होती, असं पेरिप्लसमध्ये लिहिलंय.' मूळ मजकूर जवळजवळ उलट सांगतो. पेरिप्लस हे इ.स. पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेलं सागरी मार्गदर्शन. त्याच्या 52 व्या परिच्छेदात म्हटलंय की कल्लिएना, म्हणजे कल्याण, हे थोरल्या सरगनस नावाच्या राज्यकर्त्याच्या काळी अधिकृत व्यापारी बंदर होतं. पुढे ते सँडनेस नावाच्या दुसऱ्या राज्यकर्त्याच्या हाती गेलं आणि व्यापाराला अडथळे आले. चुकून तिथे शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला (गुजरातमधलं आजचं भरूच) नेली जात. सातवाहन आणि क्षत्रप (पश्चिम भारतातले शक राजे) यांच्या झगड्यात सापडलेलं बंदर आहे हे. म्हणून 'जुनं अधिकृत बंदर, पण पेरिप्लस लिहिला गेला तेव्हा नाकेबंदीत' असं लिहा.

पैठण आणि तेरचंही तसंच. 51 व्या परिच्छेदात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असं अंतर दिलंय. पैठणहून सुलेमानी दगड, तगरहून भरपूर साधं कापड आणि तलम कापडाचे नाना प्रकार गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात. नकाशा काढताना पुष्कळजण तेरपासून थेट नाणेघाटातून कल्याणकडे बाण काढतात आणि खाली पेरिप्लसचं नाव टाकतात. नाणेघाट वापरात होता यात शंका नाही, तिथे सातवाहनांचे लेखच आहेत. पण तो वेगळा पुरावा. पेरिप्लसच्या नावाने बाण काढायचा तर तो भडोचकडेच जायला हवा.

अंतर पडताळण्याची सोपी रीत आहे. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण 350 किलोमीटर भरतं, पैठण ते तेर साधारण 150. म्हणजे रोज 15 ते साडेसतरा किलोमीटर. वळणं धरली तर थोडं जास्त. भरलेल्या बैलगाडीची ही चाल आहे, तेव्हा आकडे खरे वाटतात. दिशा मात्र तंतोतंत नाही, कारण तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. निव्वळ 'पूर्वेला' या शब्दाच्या मागे लागलात तर तगर भलत्याच गावी जाऊन पडेल.

प्लिनीचे दोन आकडे

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी आपल्या 'नॅचरल हिस्ट्री' या ग्रंथात दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे देतो. सहाव्या खंडात भारत दरवर्षी किमान 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणं) ओढून घेतो असं म्हणतो. बाराव्या खंडात भारत, सेरेस (म्हणजे रेशमाच्या देशातले लोक) आणि अरबस्तान मिळून 10 कोटी. लेखांमध्ये '10 कोटी एकट्या भारताला' असं सर्रास छापलं जातं.

सोन्यात रूपांतर करायचं असेल तर हिशेब असा. 4 सेस्टर्स म्हणजे चांदीचा 1 देनारियस, 25 देनारियस म्हणजे सोन्याचा 1 ऑरियस. म्हणून 100 सेस्टर्सला 1 ऑरियस. 5 कोटी सेस्टर्सचे 5 लाख ऑरियस होतात. रोमन सम्राट नीरोने इ.स. 64 च्या सुमारास एका रोमन पौंडातून 45 ऑरियस पाडायला सुरुवात केली, म्हणजे नाणं साधारण 7.3 ग्रॅमचं झालं. प्लिनी त्यानंतर लिहितोय, तेव्हा तेच वजन घ्या: सुमारे 3,650 किलो. त्याच्या आधीच्या सम्राट ऑगस्टसच्या काळचं जड नाणं धरलं तर आकडा फुगतो. आणि 'एवढं सोनं भारतात आलं' असं तरीही लिहू नका. ही किंमत आहे. ती चुकवताना चांदी, दारू, पोवळं, तांबं, कथील, शिसं, कच्ची काच हे सगळं चालत होतं. शिवाय प्लिनीचा सूर हिशेबनिसाचा नाही, ऐषआरामावर चिडलेल्या माणसाचा आहे.

दुसरा मोह गुणाकाराचा. व्हिएन्नात ठेवलेल्या एका पपायरसमध्ये (इजिप्तच्या लव्हाळ्याच्या कागदावरचा दस्तऐवज) केरळातल्या मुझिरिस बंदराहून आलेल्या 'हर्मापोलोन' जहाजावरच्या मालाची किंमत मांडली आहे. ती 69 लाख ड्राख्माहून जास्त भरते. इजिप्तमधला ड्राख्मा मोलाने सेस्टर्सइतकाच. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो म्हणतो की लाल समुद्रावरच्या मायोस होर्मोस बंदराहून 120 जहाजं भारताकडे जात. मग 120 गुणिले 69 लाख केलं की 80 कोटींच्या वर उत्तर येतं आणि मथळा तयार होतो. पण स्ट्रॅबोची माहिती ऑगस्टसच्या राज्याच्या आरंभीची आहे, पपायरस दुसऱ्या शतकाच्या मध्याचा. त्यातलं जहाजही चांगलंच मोठं होतं. मध्ये पावणेदोनशे वर्षं असलेल्या दोन आकड्यांचा गुणाकार होत नाही.

नाणं हाती आलं तर

नाण्यावरचा सम्राट हा नाणं इथे पोचल्याचा काळ सांगत नाही. भारतात सापडणारे बरेचसे देनारियस दोनच प्रकारचे: ऑगस्टसच्या नाण्याच्या मागच्या बाजूला ढाली-भाले घेतलेले त्याचे नातू गायस आणि लुसियस, आणि तिबेरियसच्या मागे बसलेली स्त्री. नीरोने चांदीचं वजन आणि कस दोन्ही घटवल्यावर जुनं, चोख नाणं हवंसं राहिलं, त्यामुळे ते टाकसाळीतून निघाल्यावर कितीतरी वर्षांनीही इकडे येऊ शकतं. ठेव्याचा काळ त्यातल्या सगळ्यात उशिराच्या नाण्यावरून ठरवा, सगळ्यात जास्त संख्येच्या नाण्यावरून नव्हे.

आणखी एक. सर्वाधिक ठेवे कोइंबतूर परिसर, तमिळनाडू आणि आंध्रात मिळाले. महाराष्ट्रात ते तुरळक. इथे मातीच्या, रोमन नाण्यांच्या नकला केलेल्या चकत्या मिळतात. त्यांना भोक किंवा कडी असते आणि त्या गळ्यात घालायच्या असत. त्यांची 'रोमन नाणी' म्हणून गणना करू नका. त्या स्थानिक कारागिरांच्या आहेत, आणि म्हणूनच मोलाच्या.

शेतात नाणी सापडली तर चिंच, लिंबू, ब्रासो काहीही लावू नका. वरच्या थरासोबत पुरावाही धुऊन जातो. मातीसकट ठेवा, जागेचा फोटो काढा. 1878 च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांवर किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

खापरं

तळाच्या आतल्या बाजूला बारीक ठशांची वर्तुळं असलेली, काठ आत वळलेली थाळी दिसली की 'रोमन' लिहून मोकळं होऊ नका. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला पुरातत्त्वज्ञ व्हीलरने 1945 मध्ये उत्खनन केलं तेव्हा या नक्षीचा संबंध भूमध्य प्रदेशाशी जोडला गेला. पुढे मातीच्या तपासण्यांतून ती भांडी भारतीय मातीची असल्याचं दिसलं, आणि त्यांची सुरुवातही रोमन संपर्काच्या आधीची निघाली.

अँफोऱ्याचं (दारू वगैरे वाहून न्यायच्या निमुळत्या रांजणाचं) निदान मुठीवरून करा. इटलीच्या दारूचा नेहमीचा अँफोरा दोन मुठींचा, आणि प्रत्येक मूठ दोन दांड्या जोडल्यासारखी. कॅम्पानियाच्या मालात ज्वालामुखीच्या वाळूचे काळे कण साध्या भिंगातूनही दिसतात. मूठच नसलेलं, निमुळतं, आतून डांबराचा काळा थर असलेलं भांडं म्हणजे मेसोपोटेमिया-इराणकडचा 'टॉर्पेडो' रांजण. पश्चिम भारतात अँफोरा म्हणून नोंदलेली कितीतरी खापरं तपासल्यावर हीच निघाली. नुसता काळा थर पाहून फसायला होतं, कारण दारूच्या अँफोऱ्यालाही आतून राळ लावत. त्यामुळे थर आणि मूठ दोन्ही पाहा, आणि मुठीचा भाग नसेल तर नोंदीत 'अनिश्चित' लिहा.

यवन म्हणजे रोमन नव्हे

कार्ले, जुन्नर, नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांत यवन (मुळात ग्रीकांसाठीचा शब्द) दाते पाहून 'रोमन व्यापाऱ्यांनी लेणी खोदली' म्हटलं जातं. नावं तर वाचा. कार्ल्याला धेनुकाकटचा सिहधय. नाशिकच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, जो स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा म्हणवतो. हे इथे रुळलेले लोक. भूमध्य समुद्राचा त्यांनी उल्लेखही केलेला नाही.

इटलीतल्या पॉम्पेई या ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या शहरात मिळालेली हस्तिदंती 'लक्ष्मी' हीसुद्धा घाईत ठेवलेली ओळख. 1938 मध्ये मिळालेली ही जेमतेम 25 सेंटिमीटरची मूर्ती आज यक्षी मानली जाते. तिच्या जवळच्या मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत. तिच्यावर खरोष्ठी या वायव्येकडच्या लिपीतलं अक्षर आहे, तेव्हा वाट वायव्येकडूनही गेलेली असू शकते.

मान्सून, चीन आणि उलटी वाट

'हिप्पालस या ग्रीक खलाशाने मान्सूनचा शोध लावला' हे वाक्य काढून टाका. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस युडोक्सस हा ग्रीक दर्यावर्दी भारताकडे निघाला तेव्हा वाट दाखवायला भारतीय खलाशीच होता. तसंच 'रोमचा चीनशी थेट व्यापार' हेही. इ.स. 97 मध्ये रोमकडे निघालेला चिनी दूत गान यिंग समुद्रापाशी पोचून परतला. आणि 166 मध्ये रोमच्या नावाने चीनला गेलेल्यांच्या भेटी हस्तिदंत, गेंड्याचं शिंग आणि कासवाची पाठ अशा होत्या, म्हणजे वाटेतच घेतलेला माल. रेशमाचा मोठा वाटा भडोचमार्गे समुद्रावर येत असे.

शिवाय लेखात फक्त 'ते आले' एवढंच राहतं, आपली माणसं गेलेली दिसत नाहीत. येमेनच्या सोकोत्रा बेटावरच्या होक गुहेत भडोचच्या खलाशांनी ब्राह्मीत कोरलेली नावं आहेत. लाल समुद्रावरच्या बेरेनिके या इजिप्तच्या बंदरात भारतीय घडणीच्या रांजणात साडेसात किलो मिरी निघाली. तिथेच 2022 मध्ये बुद्धमूर्ती मिळाली. तिचा संगमरवर मात्र, उत्खनन करणाऱ्यांच्या मते, आजच्या इस्तंबूलजवळच्या खाणीचा.