क्यूबी निवडायचाय? आधी घर आवरा

दर एप्रिलला एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमा आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तिथे, तोच तमाशा. आदल्या सीझनला सगळ्यात जास्त मार खाल्लेली टीम निवडायला पहिल्या नंबरवर येते, एकवीस-बावीस वर्षांच्या क्यूबीच्या (क्वार्टरबॅक, पास टाकून ऑफेन्स चालवणारा) हातात जर्सी देते आणि म्हणते बाबा रे, आता तूच काय ते बघ. दोन-तीन वर्षांनी पोरगा बेंचवर, कोच घरी, आणि टीम परत पहिल्या नंबरच्या आसपास. माझं ऐकाल तर क्रम उलटा करा, आधी घर आवरा मग पाहुणा बोलवा.

घर म्हणजे पहिलं ऑफेन्सिव्ह लाइन, क्यूबीला वाचवणारे पुढचे पाच गडी. 2002 ला ह्यूस्टन टेक्सन्स ही नवीकोरी टीम होती, त्यांनी पहिल्या पिकला (निवडीला) डेव्हिड कार घेतला आणि त्या एका सीझनमध्ये तो 76 वेळा सॅक झाला (पास टाकायच्या आत खाली पाडला गेला), 16 मॅचमध्ये, म्हणजे मॅचला जवळजवळ पाच! स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे हातात आला, की क्यूबीकडे जेमतेम अडीच-तीन सेकंद असतात, तेवढ्यात पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) बघायचा, तो झाकलेला असला तर दुसरा, मग तिसरा, आणि हे सगळं नजर वर ठेवून. मार खाऊन खाऊन पोराची नजर अंगावर येणाऱ्या डिफेन्डरकडे जायला लागते. एकदा ती खाली आली की पुढे मोकळा उभा असलेला गडीपण दिसत नाही, आणि ही सवय लवकर जात नाही.

आता निवड. प्रो डे (टीमांना खेळ दाखवायची कॉलेजातली चाचणी) बघून पागल होऊ नका. तिथे पोरगा चड्डी-टीशर्टवर, अंगावर कोणी धावून येत नाहीये, थ्रो कुठला टाकायचा तेही आधीच ठरलेलं. 2021 ला झॅक विल्सनचा पळता पळता टाकलेला लांब थ्रो सगळीकडे फिरला, जेट्सने दुसऱ्या पिकला घेतला आणि तीन सीझनमध्ये विषय संपला. त्यापेक्षा कॉलेजची टेप काढा आणि थर्ड डाउनचे (चार प्रयत्नांतला तिसरा, अडचणीचा) प्ले बघा, प्रेशर आल्यावर पाय कसे हलतात, एक इंटरसेप्शन (समोरच्या टीमने झेललेला पास) गेल्यावर पुढच्याच ड्राइव्हला, म्हणजे परत बॉल मिळाल्यावर, काय करतो. आणि किती मॅच खेळलाय तेही मोजा. ट्रे लान्सच्या कॉलेजात फक्त 17 स्टार्ट (सुरुवातीपासून खेळलेल्या मॅच) होत्या, तरी फोर्टीनाइनर्सने त्याच्यासाठी तीन फर्स्ट राउंड (पहिल्या फेरीचे) पिक ओतले. मग 2022 च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, 262 वा पोरगा ब्रॉक पर्डी त्याच टीमला सुपर बोलपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत, घेऊन गेला. कॉलेजात चार वर्षं खेळून आलेला होता तो.

पिकसाठी घर विकू नका हेही त्यातच आलं. 2023 ला पँथर्सने ब्राइस यंगसाठी बेअर्सना पिक तर दिलेच, वर डीजे मूरसारखा रिसीव्हरपण दिला. म्हणजे पोरगा आणला, पण तो बॉल टाकणार कोणाला?

पोराला आधी बेंचवर बसवायचं की लगेच खेळवायचं यावर लोक तासन् तास भांडतात, मला त्यात फार दम वाटत नाही. कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स 2017 ला जवळजवळ अख्खा सीझन बसला आणि पुढच्या वर्षी 50 टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणारे पास) टाकून एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. पेटन मॅनिंग 1998 ला पहिल्या मॅचपासून खेळला, 28 इंटरसेप्शन टाकल्या, आणि तरी पेटन मॅनिंगच झाला. लाइन, रिसीव्हर, कोच धड असतील तर खेळवा, नसतील तर कोणीतरी जुना जाणता क्यूबी आणा आणि पोराला शिकू द्या. जॉश ॲलनचं बघा ना, 2018 ला 52.8 टक्के पास पूर्ण, मग बिल्सने लाइन नीट केली, रिसीव्हर आणले, 2020 ला डिग्स आणला, ऑफेन्स तिन्ही वर्षं एकाच कोचकडे, ब्रायन डेबॉलकडेच ठेवला, आणि त्या वर्षी तोच आकडा 69.2. पोरगाही मेहनती होता, सगळं श्रेय टीमला नको.

आणि कोच बदलू नका रे! 2005 च्या ड्राफ्टमध्ये पहिला फोर्टीनाइनर्सचा अ‍ॅलेक्स स्मिथ आणि 24 वा ॲरन रॉजर्स. रॉजर्स ग्रीन बेमध्ये तीन वर्षं जुना क्यूबी फार्व्हच्या मागे बसला. स्मिथला पहिल्याच वर्षी खेळवला, 1 टचडाउन आणि 11 इंटरसेप्शन, आणि पहिल्या पाच सीझनमध्ये पाच वेगवेगळे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ऑफेन्सचे कोच). दरवर्षी नवं प्लेबुक, नवे शब्द, म्हणजे दर जूनला परत बालवाडी. लोकांनी बस्ट (फुकट गेलेला पिक) ठरवून टाकला होता. 2011 ला जिम हार्बॉ हेड कोच म्हणून आला, टीम 13 जिंकली, 3 हरली, क्यूबी तोच.

2017 ला महोम्स ज्याच्या मागे बसून शिकला ना, तो हाच स्मिथ, तोवर कॅन्सस सिटीला आलेला. आपली जागा जाणार हे माहीत असूनही त्याने त्या पोराला डिफेन्स कसा वाचायचा, आठवडाभर तयारी कशी करायची ते दाखवलं, आणि महोम्सने नंतर जाहीरपणे त्याचं श्रेयही दिलंय.